कवडीतला जीव

परभणी जिल्ह्यात समुद्र आठवडी बाजारात भेटतो. जिंतूर असो, पाथरी असो की मानवत, बाजाराच्या एका कडेला पोत्यावर सुकट आणि बोंबील मांडलेले असतात. लोक नाक मुरडत तिथून पुढे सरकतात आणि संध्याकाळी परतताना त्यांतलेच काहीजण पुडी बांधून घेतात. मुंबईचा किनारा इथून रेल्वेनं रात्रभराचा. आमच्याकडच्या कित्येक म्हाताऱ्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो घरातल्या कुणाला टाटा हॉस्पिटलात दाखवायला नेलं तेव्हा, दोन तारखांच्या मधल्या रिकाम्या दिवशी.

पण समुद्राची एक वस्तू इथे पिढ्यान् पिढ्या मुक्कामाला आहे आणि तिला वास नाही, म्हणून ती समुद्राची हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. तुळजाभवानीच्या आराधिणीच्या गळ्यात ती आहे, गोंधळ्याच्या अंगावर आहे, पोळ्याला बैलाच्या कपाळावर आहे, तांड्यावरच्या म्हाताऱ्या बंजारा बाईच्या पोशाखात आहे, सारीपाटाच्या थैलीत आहे. कवडी. मी उभा जन्म याच जिल्ह्यात प्राणिशास्त्र शिकवलं. मला विचाराल तर परभणीत सगळ्यात जास्त संख्येनं आढळणारा सागरी प्राणी हाच; फक्त तो जिवंत नाही.

माझी आजी आराधीण होती. मंगळवारी, शुक्रवारी मळवट भरून, हातात परडी घेऊन ती जोगव्याला निघायची. तिची माळ अजून आमच्या देव्हाऱ्यात आहे. दुरून पाहिली तर पांढरी दिसते. हातात घेतली तर एकही कवडी पांढरी नाही. हळद, तेल आणि घाम मुरून त्यांना जुन्या हस्तिदंताचा रंग आलाय. कवडीच्या फटीला दोन्ही बाजूंनी बारीक दाते असतात, ते कित्येक कवड्यांवर झिजून नुसते ओरखडे उरलेत. माळ उलटी केली की खरी गंमत. प्रत्येक कवडीची पाठ घासून उडवलेली आहे, म्हणजे दोरा आत ओवता येतो आणि कवडी अंगावर सपाट बसते. त्या भोकातून आत पाहिलं तर पाकळीसारखी पातळ, वळत गेलेली एक भिंत दिसते. तिथे कधी काळी कुणीतरी राहत होतं. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, हे कशाचं असतं म्हणून. "देवीचं असतं, इचारू नाही," एवढंच उत्तर मिळालं.

गोंधळ्यांत दोन परंपरा: माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई, तुळजापूरच्या भवानीचे ते कदमराई. परभणी दोघींच्या मधोमध पडते, म्हणून इथे दोन्हीकडचं संबळ वाजतं. राजारामभाऊ कदमांसारखा गोंधळी याच परभणीचा. आणि देवी कुठलीही असो, माळ कवड्यांचीच.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आमच्याकडे एक काचेचं कपाट होतं. फॉर्मालिनमधला ऑक्टोपस, वाळलेला स्पंज, आणि कापसावर ठेवलेली ठिपक्यांची एक मोठी कवडी, खाली चिठ्ठी 'सिप्रिया'. पोरं तिचं चित्र काढायची, नावं द्यायची, गुण मिळवायची. गोगलगाय मात्र आम्ही गोदावरीच्या काठची आणून कापून दाखवायचो, तिचं हृदय, तिचं आतडं सगळं तोंडपाठ. कवडीच्या बाबतीत विज्ञानाची पदवी आणि आजीची परडी एकाच पायरीवर होती. दोघांनाही फक्त कवच ठाऊक.

जिवंत कवडी पाहिली तर ती कवडी वाटतच नाही. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर रात्रीच्या ओहोटीला गुडघाभर पाण्यात बॅटरीच्या उजेडात मी ती पाहिली. दिवसा ती प्रवाळाच्या तुकड्यांखाली दडून बसते आणि अंधार पडला की शेवाळ खरवडायला निघते. कवच दिसतच नाही, कारण प्राण्याच्या अंगाचे दोन मऊ पदर खालून दोन्ही बाजूंनी वर येतात आणि पाठीवर एकमेकांना भिडतात. त्या पदरांवर बारीक बारीक केसाळ टोकं. शेवाळाचा गोळा सरपटतोय असंच वाटतं. कवडीची चकाकी हे त्या पदरांचंच काम. तेच कवचावर थरावर थर चढवतात आणि त्यावर शेवाळ, शिंपले काही धरू देत नाहीत. बाकीचे शंखशिंपले समुद्रात खरबरीत, घाणेरडे होतात; ही मरेपर्यंत नव्यासारखी राहते. पाण्याखाली फोटो काढणाऱ्यांना ती सतावते ती याच कारणानं. बोट लागलं, फ्लॅशचा हात जवळ गेला, पाण्याचा धक्का बसला, की पदर झरझर आत ओढले जातात आणि कॅमेऱ्यासमोर उरते ती आपली देव्हाऱ्यातली पांढरी कवडी. पदरासकट फोटो हवा असेल तर श्वास सांभाळत, न हलता तिच्या मर्जीची वाट पाहायची.

ही कवडी मालदीव आणि लक्षद्वीपच्या उथळ पाण्यातली. लिनियसनं १७५८ साली तिला शास्त्रीय नाव दिलं तेसुद्धा पैशावरून, 'मोनेटा'. कोकणच्या खडकांत कवड्या आहेत, पण त्या बहुतेक दुसऱ्या जातींच्या. माळेतली बोटाच्या पेरापेक्षा लहान, कडा किंचित टेंगळाच्या, फिकट पिवळी कवडी बेटांवरून आली. ती कशी पकडायचे, याचं एक जुनं वर्णन करणारा माणूस मात्र आपल्या कोकणात येऊन गेला होता. बगदादचा प्रवासी अल-मसूदी ९१६ च्या सुमारास चौलला उतरला. तेव्हा चौल काय आणि गोदाकाठ काय, दोन्हीकडे मान्यखेटच्या राष्ट्रकूटांचीच सत्ता. मसूदी लिहितो की बेटांवर एक राणी राज्य करते, तिचा खजिना कवड्यांचा. तो आटत आला की ती नारळाच्या झावळ्या तोडून पाण्यावर सोडायला सांगते. प्राणी झावळ्यांना चिकटतात, मग झावळ्या ओढून वाळूवर पसरतात, उन्हानं मांस कुजून जातं आणि रिकामी कवडी खजिन्यात जमा होते. टांकसाळ नाही, भट्टी नाही, सोनार नाही. प्रवासी इब्न बतूता १३४३ मध्ये मालदीवला पोचला, तिथे काझी झाला. तो किनाऱ्यावरच्या खड्ड्यांबद्दल सांगतो: कवड्या त्यांत टाकायच्या आणि मांस गळून पांढरं हाड उरेपर्यंत थांबायचं. चार लाख कवड्यांना एक सोन्याचा दीनार, कधी भाव पडला तर बारा लाखांना. कवड्या बंगाल्यांना द्यायच्या, बदल्यात तांदूळ घ्यायचा. पुढे १६०२ मध्ये जहाज फुटून मालदीवला अडकलेला फ्रेंच खलाशी पिरार सांगतो की अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे बायका कंबरभर पाण्यात उतरून कवड्या वेचतात, आणि नुसत्या कवड्यांनी भरलेली तीस-चाळीस जहाजं बंगालकडे जाताना आपण पाहिली.

कवडीला वास नाही असं मी वर म्हणालो. ते खड्डे ज्यांनी उकरले त्यांच्यासमोर हे बोललो असतो तर बरीच शोभा झाली असती.

आता पाथरी, कारण कवडीच्या हिशेबाची एक वाट तिथून जाते. जिल्ह्याच्या इतिहासात पाथरीचं नाव निघतं ते अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज इथले कुलकर्णी होते म्हणून, किंवा साईबाबांच्या जन्मगावाच्या वादात. पण सोळाव्या शतकात इथे ज्योतिष्यांचं एक घराणं होतं. त्यांच्या ग्रंथांत गावाचं नाव येतं पार्थपूर, आणि पार्थपूर म्हणजे पाथरीच असं अभ्यासक मानतात. ज्ञानराजानं १५०३ च्या सुमारास 'सिद्धान्तसुन्दर' लिहिला. त्याचा मुलगा सूर्यदास, म्हणजे सूर्यपंडित, हा तर विलक्षण माणूस. एकीकडून वाचलं तर रामकथा आणि उलटीकडून वाचलं तर कृष्णकथा असं काव्य त्यानं रचलं. आणि १५४१ मध्ये भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर 'गणितामृतकूपिका' नावाची टीका लिहिली. निजामशहा आणि वऱ्हाडचा इमादशहा याच पाथरीसाठी एकमेकांच्या उरावर बसून थोडीच वर्षं झाली होती. त्या धामधुमीत हा गृहस्थ गणितावर लिहीत होता.

'लीलावती' ११५० ची. तिच्या पहिल्याच कोष्टकाचा पहिला आकडा कवडीचा आहे. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे ऐंशी कवड्यांचा पण, १२८० चा द्रम्म, २०,४८० चा निष्क. पुढे अपूर्णांकांच्या प्रकरणात भास्कराचार्य एक उदाहरण घालतात. एका याचकाला एका धनिकानं द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या एक पंचमांशाच्या सोळाव्या हिश्श्याचा पाव भाग दिला. तर सांग बाळा, त्या कृपणानं किती कवड्या दिल्या? पोरगं घाम गाळत गुणाकार करतं आणि शेवटी हाती येतो १२८० वा हिस्सा. एक कवडी! गणिताच्या पुस्तकात इतका खवचट विनोद मी दुसरा पाहिलेला नाही. पाथरीत बसून टीका लिहिताना सूर्यपंडितालाही हसू आलं असणार. वर्गात मी हे उदाहरण फळ्यावर मांडायचो तेव्हा मागच्या बाकावरून कुणा ना कुणा दुकानदाराचं नाव हमखास यायचं.

एक गोष्ट मात्र मला नेहमी खटकते. भास्कराचार्यांचं घराणं खानदेशात पाटणचं, सूर्यपंडित गोदाकाठचा; दोघेही समुद्रापासून दूर. हजारो पोरांनी कवडीचे अपूर्णांक सोडवले, आणि कवडी खाते काय, मरते कशी, हे एकाही गणितात आलं नाही. येणार तरी कुठून?

बंगालात हा हिशेब पुस्तकात राहिला नाही, बाजारात उतरला. तिथलं कोष्टक: चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहन. म्हणजे काहन १२८० कवड्यांचा, भास्कराचार्यांच्या द्रम्माइतकाच. अठराव्या शतकाच्या अखेरीस सिल्हेटला रॉबर्ट लिंडसे नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा कलेक्टर होता. तिथला शेतसारा कवड्यांतच यायचा, रुपयाला ५१२०, म्हणजे बरोबर चार काहन. त्या साठवायला गोदामं आणि ढाक्याला न्यायला होड्यांचा तांडा ठेवावा लागायचा. सरकारी खजिना म्हणजे मेलेल्या गोगलगायींचं कोठार, अशी अवस्था. याच कवड्या डच आणि इंग्रज जहाजांच्या तळाशी भर म्हणून अॅम्स्टरडॅम, लंडनला जायच्या आणि तिथून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. तिथे त्या देऊन माणसं विकत घेतली जात. मालदीवच्या बाईनं ओहोटीला वेचलेली कवडी गिनीच्या आखातात बेडीतल्या माणसाची किंमत झाली. अशा कवड्यांचा आकडा शेकड्यांचा, हजारांचा नाही. अठराव्या शतकात तिकडे गेलेल्या कवड्या अब्जांत मोजतात. ओडिशात कंपनीनं कवडीचं चलन मोडून चांदीत सारा मागायला सुरुवात केली, शेतकरी नागवला, आणि १८१७ च्या पाइक उठावाच्या कारणांत हेही एक कारण ठरलं. पुढे एकोणिसाव्या शतकात झांझिबारकडची स्वस्त, कड्याच्या खुणेची कवडी आफ्रिकेत जहाजं भरभरून ओतली गेली आणि कवडीचा भाव कायमचा बुडाला.

आपल्या दख्खनेत बहमनींपासून तांब्याची नाणी मुबलक होती. त्यामुळे माझा तर्क असा की, इथे कवडी बंगालइतकी कधी बाजारात रुळली नाही, ती थैलीतून लवकर सुटली आणि गळ्यात जाऊन बसली. ती इथवर आणणारे कोण? सातवाहनांच्या काळात पैठण आणि तेरचा माल बैलगाड्यांनी भडोचला उतरायचा, हे 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. गाड्या परततानाही रिकाम्या येत नसणार. त्या काळच्या वस्त्यांच्या उत्खननात शंखाच्या बांगड्यांचे तुकडे निघतात ते उगाच नाही. नंतरच्या काळात बंजाऱ्यांची लदेणी. तावर्निए या फ्रेंच जवाहिऱ्यानं सतराव्या शतकात दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन जाताना पाहिले. मीठ समुद्राचं, आणि मिठाच्या गोणीशेजारी कवडीची पिशवी यायला कितीशी जागा लागते? जिंतूर तालुक्यातल्या तांड्यांवर जुन्या फेटिया-कांचळीवर कवड्यांची नक्षी पाहिली की मला तो तर्क फारसा लांबचा वाटत नाही. रेल्वे आली, लदेणी संपली, पण पोशाखावर कवडी राहिली. बैलाच्या कपाळावरही राहिली. पोळ्याच्या आदल्या बाजारात वेसण, मोरकी, कासरा, गोंडे, घुंगरमाळ आणि कवड्यांचा पट्टा हे सगळं एकाच दुकानात मिळतं.

गेल्या काही वर्षांत त्या दुकानांत प्लॅस्टिकची कवडी आलीय. साच्यातून काढलेली, सगळ्या एका मापाच्या, सगळ्यांचे दाते सारखे. पर्यावरणवाले म्हणतील, बरं झालं, जीव वाचला. मला ते तितकं सरळ दिसत नाही. लक्षद्वीपच्या कवड्या एके काळी कण्णूरच्या अरक्कल घराण्याच्या मक्तेदारीत होत्या. काथ्या, कवड्या, कासवाची पाठ, सगळा व्यापार त्यांच्या हातात. शतकानुशतकं एवढी उचल होऊनही कवडी टिकली. आज ती बेटं ज्यानं धोक्यात आहेत तो हात वेगळाच आहे. १९९८, २०१० आणि २०१६ साली पाणी तापलं आणि प्रवाळ पांढरं पडलं. अगत्ती, कदमत आणि कवरत्तीच्या प्रवाळभिंती संशोधकांनी १९९८ ते २०२२ अशा वर्षानुवर्षं पाण्यात उतरून मोजल्या. जिवंत प्रवाळाचं आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलं. कवडी प्रवाळ खात नाही, पण तिला लपायला प्रवाळाच्या खाचा लागतात. मेलेला सांगाडा उभा आहे तोवर आसरा आहे. लाटांनी तो मोडून सपाट झाला की दिवसा तिनं जायचं कुठे? हे पाणी परडीनं तापवलेलं नाही. आराधिणीला शहाणपण शिकवायला जाणाऱ्यांनी आधी आपल्या घराच्या विजेचं बिल पाहावं.

कायद्यानंही कवडीकडे उशिराच पाहिलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत शंखशिंपले आले ते २००१ मध्ये. त्यात कवड्यांच्या मोजक्या जाती होत्या, पण माळेतली कवडी नव्हती; ती विपुल आहे असंच धरलेलं. आपल्याकडे कवचाबरोबर आतल्या जिवाकडेही पाहणारे अभ्यासक मोजकेच. त्यांतलं ठळक नाव दीपक आपटे यांचं. त्यांचं भारतीय शंखशिंपल्यांवरचं पुस्तक बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं (बीएनएचएस) १९९८ मध्ये काढलं, आणि पुढे त्यांनी अगत्तीतच तिथल्या लोकांना सोबत घेऊन राक्षसी शिंपल्यांच्या संरक्षणाचं काम केलं. ते पुस्तक मी आमच्या विभागाच्या ग्रंथालयात मागवून घेतलं होतं. पोरं कपाटातली कवडी आणून त्यातल्या चित्राशी ताडून पाहायची.

आमच्या गल्लीतली एक आराधीण अजून जोगव्याला जाते. नवरात्राच्या तोंडावर ती तुळजापूरहून नवी माळ घेऊन आली, प्लॅस्टिकची. मी म्हटलं, मावशी, ही खोटी आहे. "ठाव हाय की," ती म्हणाली, "खरी दाताला गार लागती, ही लागत न्हाई. पर सर, पाच गावं हिंडायची म्हणल्यावर खऱ्याचं वझं मानंला व्हतंय." मी तिला फोनवर जिवंत कवडीचा फोटो दाखवला, केसाळ पदर पसरलेला. तिनं चष्मा वर करून तो बराच वेळ पाहिला.

"ही जित्ती हाय?"

"जित्ती. रात्री शेवाळ खाते."

"आन् पिलं?"

मी सांगितलं की अंडी घालते, आणि पिलं बाहेर पडून पाण्यात निघून जाईपर्यंत त्या अंड्यांवर बसून राहते, जागची हलत नाही.

मावशीनं फोन परत दिला. "मंग ती बसल्याली असताना उचलत्यात का तिला?"

मसूदी, बतूता, पिरार यांचं जेवढं माझ्या वाचनात आलंय, त्यात हे कुठे नाही. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "त्या बेटावरच्या बायांला इचारा, त्यांला ठाव असंल," आणि परडी उचलून पुढच्या घराकडे गेली.